डिशवॉशरची पावडर : खेपेला किती पडते?

या सदरात आजवर निवृत्तीची खाती, आयुर्विमा, मृत्युपत्र, कोलेस्टेरॉल आणि गुडघेदुखी अशी भारदस्त मंडळी येऊन गेली. त्यांच्या पंगतीत डिशवॉशरच्या साबणाला पाट मांडायचा म्हणजे जरा धाडसच. पण विषय पैशाचा आहे, आरोग्याचाही आहे आणि संपादकांनी 'चालेल' म्हटलं आहे. तेव्हा वाचकहो, थोडं सांभाळून घ्या.

आधी एक प्रश्न. आपल्यापैकी किती जण डिशवॉशर खरोखर चालवतात? माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच मराठी घरांत ते भांडी निथळत ठेवायचं कपाट असतं. वरच्या कप्प्यात वाट्या, खालच्यात कुकरची भांडी आणि परात, साबणाच्या डबीत काहीच नाही. कारण विचारलं की उत्तरं ठरलेली. "दोघांची ती काय भांडी!", "आपली भांडी त्यात निघत नाहीत", आणि "त्या गोळ्या काय भावाने पडतात ते बघितलंत का?" तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकून आहेत.

आमच्या घरीही दोघंच. शिकागोच्या हिवाळ्यात सौ.च्या बोटांना भेगा पडायला लागल्या. बाहेर कोरडी थंडी, घरात हीटरची कोरडी हवा, आणि दिवसातून दोनदा गरम पाणी नि साबण. कातडीवर निसर्गाने दिलेला स्निग्ध थर असतो, तो सतत साबणाच्या पाण्याने निघून जातो आणि मग मसाल्याचं बोटसुद्धा झोंबतं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं की, हात पाण्याबाहेर राहिले तरच मलमाचा उपयोग होईल. तेव्हापासून भांडी माझ्या खात्यावर जमा झाली. आणि माझ्याकडे आलेलं कुठलंही काम शेवटी स्प्रेडशीटमध्ये जातं, हा व्यवसायाचा दोष म्हणा किंवा गुण.

तसं पाहिलं तर या यंत्राचं माहेर आमच्या इलिनॉयमधलंच. शेल्बीव्हिल गावच्या जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. नोकरांच्या हातून त्यांच्या किमती बशांचे टवके उडायचे, हे निमित्त. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी ते यंत्र मांडलं. ज्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. कॉक्रेनबाईंची पहिली गिऱ्हाइकं मात्र हॉटेलं होती, घरं नव्हेत. म्हणजे 'दोघांची ती काय भांडी' हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे म्हणायचा!

आता साबणाकडे वळू. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या. त्यामागे रसायनशास्त्र होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते पाण्यात उतरलं की पाणी अल्कधर्मी होतं आणि तेला-तुपाचा ओशटपणा सुटतो. डिशवॉशरच्या पावडरीतला मुख्य घटक आहे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. राखेचा सख्खा चुलतभाऊच. फरक इतकाच की, यंत्रात घासणारा हात आणि काथ्या नसतो, नुसते गरम पाण्याचे फवारे असतात. त्या हाताची उणीव भरून काढायला बाकीचे घटक घालावे लागतात.

त्यांतले दोन फार महत्त्वाचे. एक म्हणजे एन्झाइम, ज्यांना शाळेच्या पुस्तकात विकरं म्हणत. प्रोटीन तोडणारं एन्झाइम दुधाच्या पातेल्याला धरलेली साय, वरण, अंडं यांच्यावर काम करतं. पिष्ट तोडणारं एन्झाइम वाळलेला भात, पिठलं, डोशाचं पीठ यांच्यावर. दुसरा घटक ऑक्सिजन सोडणारं ब्लीच, बहुधा सोडियम परकार्बोनेट. चहाच्या कपातला तपकिरी डाग आणि हळदीचा पिवळा रंग त्याच्या वाट्याला. याशिवाय पाण्यातले क्षार पकडून ठेवणारे सायट्रेटसारखे पदार्थ, काच आणि धातू जपणारं सिलिकेट, फेस न करणारा थोडा साबण आणि वजन भरायला सोडियम सल्फेट.

हे सगळं वाचकांना कशाला, असं म्हणाल. तर दुकानात डबा उलटा करून बघता यावं म्हणून. कॅलिफोर्नियाने २०१७ साली एक कायदा केला. त्यानुसार सफाईच्या वस्तूंमधले घटक २०२० पासून वेबसाइटवर आणि २०२१ पासून वेष्टनावर देणं बंधनकारक झालं. कंपन्या एका राज्यासाठी वेगळा डबा छापत बसत नाहीत, त्यामुळे त्याचा फायदा आपल्यालाही होतो. घटकांच्या यादीत मी तीन शब्द शोधतो : सबटिलायसिन, अमायलेज आणि सोडियम परकार्बोनेट. पहिलं प्रोटीनचं एन्झाइम, दुसरं पिष्टाचं, तिसरं ब्लीच. तिन्ही असले की माल आपल्या स्वयंपाकाला पुरेसा, मग डब्यावर चमचमत्या पेल्याचं चित्र असो वा नसो. स्वस्त पावडरींमध्ये कधी कधी यातलं एखादंच असतं, तिथे मात्र स्वस्ताई महागात पडते.

बाजारात माल तीन रूपांत येतो : पावडर, जेल आणि गोळ्या ऊर्फ पॉड. जेलचा निकाल चटकन लावतो. पातळ जेलमध्ये ब्लीच आणि एन्झाइम एका घरात नांदत नाहीत, ब्लीच एन्झाइमांना निकामी करतं. त्यामुळे जेलमध्ये बहुधा दोहोंपैकी एकच असतं. म्हणजे एक तर चहाचे डाग राहतात, नाही तर दुधाचं पातेलं. आमच्या घरात दोन्ही रोज निघतात.

पॉडमध्ये सगळे घटक असतात, मोजमापाची कटकट नाही, हात लागत नाही. वाईट माल मुळीच नाही. पण छोट्या घराच्या दृष्टीने त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, पॉड अर्धा करता येत नाही. यंत्र पाऊण भरलं असो की गच्च, भांडी चहाची असोत की रस्श्याची, तेवढाच साबण जाणार. दुसरी अडचण मला मॅन्युअल वाचल्यावर उमगली. बहुतेक अमेरिकन यंत्रं आधी एकदा पाणी घेऊन भांडी भिजवतात-विसळतात, ते पाणी सोडून देतात आणि मगच साबणाच्या डबीचं झाकण उघडतं. त्या पहिल्या पाण्यात पॉडवाल्या घरी साबणाचा कणही नसतो. पावडर वापरणाऱ्याला मात्र त्या पहिल्या पाण्यासाठी चमचाभर वेगळी घालता येते. कित्येक डब्यांच्या शेजारी त्यासाठी छोटा खळगा असतो. नसला तर दाराच्या आतल्या बाजूला चमचाभर भुरभुरावी. आपल्या भांड्यांना फोडणीच्या तेलाचा हात असतो. ते तेल पहिल्याच पाण्यात सुटून गेलं की मुख्य धुलाईला पाणी निवळ मिळतं. 'आपली भांडी त्यात निघत नाहीत' या तक्रारीचं माझ्या मते निम्मं उत्तर या एका चमच्यात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर गरम पाण्यात. इथली यंत्रं साधारणपणे गरम पाण्याच्या नळाला जोडलेली असतात आणि प्रत्येक वेळी साधारण गॅलनभरच पाणी घेतात. हिवाळ्यात नळीत साचलेलं थंडगार पाणीच पहिल्यांदा आत जातं, आणि थंड पाण्यात ना तूप सुटतं ना एन्झाइमांना जाग येते. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी सिंकचा गरम नळ पाणी कढत येईपर्यंत सोडावा. सुमारे १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४९ अंश सेल्सियस, इतकं पाणी यायला हवं. सुरुवातीचं गार पाणी एका भांड्यात धरावं, आमच्याकडे ते तुळशीला जातं.

आता हिशेब. दुकानात औंसाला किती पडतं ते शेल्फवर लिहिलेलं असतं, पण त्याचा उपयोग नाही. औंसाला नव्हे, खेपेला किती पडतं ते बघायचं. पुढचे भाव मी उदाहरणासाठी धरले आहेत, आपल्या गावचे घालून बघावेत.

समजा, ७५ औंसांची पावडर ८ डॉलरला मिळते. ७५ औंस म्हणजे सुमारे २१२५ ग्रॅम. एका खेपेला मुख्य डबीत २० ग्रॅम आणि पहिल्या पाण्यासाठी ५ ग्रॅम, एकूण २५ ग्रॅम धरले तर ८५ खेपा होतात. खेपेला साडेनऊ सेंटच्या आत. समजा, नामांकित कंपनीचे ६० पॉड १८ डॉलरला आहेत. खेपेला ३० सेंट. दुकानाच्या स्वतःच्या शिक्क्याचे ६० पॉड १० डॉलरला, म्हणजे खेपेला १७ सेंट. आणि जेल? तेवढ्याच वजनाची बाटली ५ डॉलरला दिसते, हात लगेच तिकडे जातो. पण जेल जड असतं आणि जास्त लागतं. खेपेला ४० ग्रॅम धरलं तर जेमतेम ५३ खेपा होतात, म्हणजे पुन्हा साडेनऊ सेंटच. पावडरीइतकेच पैसे आणि काम त्याहून कमी.

दोघांच्या घरात यंत्र दिवसाआड भरतं. वर्षाच्या १८० खेपा धरा. नामांकित पॉडचे ५४ डॉलर, दुकानी पॉडचे ३०, पावडरीचे १७. वर्षाकाठी फरक ३७ डॉलरांचा. यात कुणाचं घर बुडत नाही की तरत नाही, दोघांचं एक वेळचं बाहेरचं जेवण फार तर. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा लेखांत पंधरा-वीस वर्षांचं चक्रवाढ व्याज लावून साबणाचे लाख डॉलर करायची पद्धत आहे.

मोठा खर्च दुसरीकडेच सापडला. २०१३ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या नियमानुसार नेहमीच्या आकाराच्या नव्या डिशवॉशरने एका खेपेला जास्तीत जास्त ५ गॅलन पाणी आणि वर्षाला ३०७ युनिट वीज वापरायची. हे वर्ष २१५ खेपांचं धरलेलं आहे. म्हणजे खेपेला फार तर १.४ युनिट, ज्यात पाणी तापवणंही आलं. युनिटला १६ सेंट धरले तर खेपेला २२ सेंट विजेचे. साबणाच्या दुपटीहून जास्त! म्हणून अर्धं यंत्र रोज चालवणाऱ्या घराला, पावडर कितीही स्वस्त असली तरी, वर्षाला १८५ जादा खेपांचे ५८ डॉलर जास्त पडतात. ब्रँड बदलून जेवढे वाचतात त्याहून जास्त नुसतं यंत्र भरण्याची वाट पाहून वाचतात.

आणि यंत्रात ठेवण्याआधी सिंकमध्ये भांडी स्वच्छ धुऊन घ्यायची आपली सवय! स्वयंपाकघरातल्या नळाला १९९४ पासून मिनिटाला जास्तीत जास्त २.२ गॅलनांची मर्यादा आहे. पाच मिनिटं नळ सोडून भांडी विसळली तर ११ गॅलन पाणी गेलं, यंत्राच्या दोन खेपांपेक्षा जास्त, आणि तेही बहुतेक वेळा गरम. शिवाय ज्यांना पाण्यापासून हात वाचवायचे आहेत त्यांचे हात पुन्हा पाण्यातच. खरकटं काढून टाकावं, रस्सा ओतून द्यावा, कढीपत्त्याची पानं आणि मोहरी गाळणीत अडकतात तेवढी निपटून घ्यावीत. बस्स. बऱ्याच नव्या यंत्रांत पाणी किती गढूळ आहे ते पाहणारा सेन्सर असतो. भांडी धुऊन ठेवली तर तो समजतो की काम सोपं आहे आणि धुलाई आटोपती घेतो. मग एखादं खरोखर चिकटलेलं पातेलं तसंच राहतं आणि यंत्राला बोल लागतो. दिवसाआड चालवताना वास येईल अशी भीती असेल तर नुसतं विसळून ठेवायची सोय बहुतेक यंत्रांत असते. तिला साबण लागत नाही.

साबण किती घालायचा, याचं उत्तर पाण्यावर अवलंबून आहे. शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो, ते इतक्या वर्षांनी उपयोगी पडतं ते असं. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की पाणी दुष्फेन. इथे ते ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे लिटरला १७.१ मिलिग्रॅम. साडेतीन ग्रेनपर्यंत पाणी मऊ, सातपर्यंत मध्यम, साडेदहापर्यंत जड आणि त्यापुढे फारच जड. मिशिगन सरोवराचं पाणी आठच्या आसपास आहे. सिॲटल, पोर्टलंड, बॉस्टन, न्यूयॉर्क शहर इथली मंडळी मऊ पाण्याची भाग्यवान. फीनिक्स, लास व्हेगास आणि सॅन अँटोनियोवाल्यांनी फार जड पाणी धरून चालावं. पाणीपुरवठा खातं दरवर्षी पाण्याचा अहवाल काढतं, त्यात बहुधा हा आकडा सापडतो. नाही तर एक फोन केला की सांगतात.

मऊ पाण्याला एक टेबलस्पून पुरतो, आमच्यासारख्या पाण्याला सव्वा ते दीड, फारच जड पाण्याला दोन किंवा थोडा जास्त. आपल्या यंत्राचं मॅन्युअल काय म्हणतं ते एकदा बघावं. 'जरा जास्त घातलेला बरा' हा न्याय मात्र इथे चालत नाही. मऊ पाण्यात साबण जास्त झाला तर काचेचे पेले हळूहळू कोरले जातात आणि कायमचे धुरकट होतात. जड पाण्यात कमी झाला तरी पेले धुरकटच दिसतात, पण ते क्षारांचं पुट असतं. दोन्ही ओळखायला सोपं. पेल्याला थोडं व्हिनेगर चोळावं. निवळला तर क्षार, म्हणजे साबण किंवा रिन्स एड वाढवा. नाही निवळला तर काच गेली, साबण कमी करा आणि निदान उरलेले पेले वाचवा.

जुन्या मंडळींना आठवत असेल की, पूर्वी पेले जास्त चकचकीत निघत. आठवण खरी आहे. तेव्हाच्या पावडरीत फॉस्फेट असायचं आणि क्षार पकडण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. पण तेच फॉस्फेट सांडपाण्यातून तळ्यांत जाऊन शेवाळ माजवतं आणि माशांचा प्राणवायू तोडतं. म्हणून जुलै २०१० पासून इलिनॉयसह डझनावर राज्यांनी घरगुती डिशवॉशर डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर जवळजवळ बंदी आणली आणि मोठ्या कंपन्यांनी देशभरच ते काढून टाकलं. पहिली काही वर्षं पेल्यांवर पांढरी पुटं चढल्याच्या तक्रारी झाल्या. नंतर एन्झाइम आणि पॉलिमर सुधारले. त्यामुळे 'नवा साबण वाईट' हे मत ज्यांनी तेव्हा बनवलं असेल, त्यांनी एकदा पुन्हा बघायला हरकत नाही.

घरच्या घरी बोरॅक्स, धुण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल मिसळून पावडर करण्याची कृती अधूनमधून फिरत असते. सोडा अल्कधर्मी आणि सायट्रिक आम्ल म्हणजे आम्ल. पाणी लागताच दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, आणि एन्झाइम तर त्यात नाहीतच. लिंबाच्या सरबतात सोडा घातल्यासारखी गंमत दिसते, भांडी मात्र तशीच.

मी चार आठवडे चार प्रकारचा माल आलटून पालटून लावून पाहिला. प्रत्येक वेळी तीच भांडी : दूध तापवलेलं पातेलं, रात्रभर वाळलेल्या वरण-भाताचं ताट, फोडणीची छोटी कढई, चहाचे दोन कप आणि भाजीचा प्लॅस्टिकचा डबा. याला शास्त्रीय चाचणी म्हणणार नाही, पण कल आला. जेलला दुधाचं पातेलं काही झेपलं नाही. महागड्या पॉडने ते बऱ्यापैकी काढलं, दुकानी पॉडने जवळजवळ तितकंच. साध्या पावडरीने, पहिल्या पाण्याचा चमचा आणि गरम नळ या दोन गोष्टी सांभाळल्या तेव्हा, महागड्या पॉडची बरोबरी केली. त्या दोन गोष्टी गाळल्या तेव्हा ती मागे पडली. करपलेलं दूध मात्र कुणालाच आवरलं नाही. ते भिजत घालून घासावंच लागतं.

प्लॅस्टिकचा डबा चौघांपुढेही पिवळाच राहिला. हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळतं आणि तेलाबरोबर प्लॅस्टिकच्या अंगात शिरतं, पृष्ठभागावरच्या साबणाचा तिथे हात पोचत नाही. उपाय फुकट आहे : डबा उन्हात ठेवणे. कर्क्युमिन उजेडात विरतं, एक-दोन उन्हं दाखवली की डबा उजळतो. कधी कधी अर्धवट धुतलेल्या बशीवर लालसर डाग दिसतो, त्यालाही घाबरू नये. हळदीला अल्क लागलं की ती लाल होते. कुंकू असंच हळदीत चुना घालून करतात.

यंत्रात काय ठेवू नये, हे थोडक्यात. ॲल्युमिनियम, मग तो साधा कुकर असो की काळा ॲनोडाइज्ड, या अल्कधर्मी पाण्यात डागाळतो आणि बाद दिसू लागतो. तांब्या-पितळेची भांडी आणि देवाची उपकरणी चिंचेसाठी राखून ठेवावीत. लोखंडी तवा गंजेल, पोळपाट-लाटणं तडकेल. चांगल्या प्रतीचं स्टील मात्र निर्धास्त जावं, आणि आपल्या घरात तेच तर जास्त असतं.

रिन्स एड म्हणजे शेवटच्या पाण्यात सुटणारं द्रव्य. त्याने थेंब न साठता पाणी ओघळून जातं आणि जड पाण्याचे डाग पडत नाहीत. हल्लीची पुष्कळ यंत्रं भांडी वाळवायला आत हीटर तापवत नाहीत, त्यांना ते लागतंच. २०२२ च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की, रिन्स एडमधल्या अल्कोहोल इथॉक्सिलेट या घटकाने आतड्याच्या अस्तराच्या पेशींना इजा होते. प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होते आणि रोख उपाहारगृहांतल्या झटपट धुणाऱ्या यंत्रांवर होता. त्यामुळे घाबरून बाटली फेकायचं कारण मला दिसत नाही. पण यंत्रात त्याचं प्रमाण कमी-जास्त करायची चकती असते. पेले निवळ राहतील तितक्या कमीत कमी आकड्यावर ती ठेवणं शहाणपणाचं. आम्ही सगळ्यात खालच्याच्या एक वर ठेवली आहे.

राहता राहिला साठवणीचा प्रश्न, आणि दोघांच्या घराला तो फार महत्त्वाचा. घाऊक दुकानातला भला मोठा डबा खेपेला आणखी दोन सेंटांनी स्वस्त पडतो खरा, पण दिवसाआडच्या वापराने तो वर्षभर पुरतो. सिंकखालच्या दमट कपाटात सहा महिन्यांत पावडरीचा दगड होतो, ब्लीचचा जोर ओसरतो आणि पॉड एकमेकांना चिकटून बसतात. चार-पाच महिन्यांत संपेल इतकाच माल घ्यावा. घाऊकच घ्यायचा असेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा आणि वाटून घ्यावा. आमच्याकडे शेजारच्या घराशी असा करार आहे.

पण वाटून घेताना एक पथ्य कडकपणे पाळा. आपल्या घरांत दह्याचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे टाकून देत नाहीत, त्यांत काही ना काही भरलेलं असतं. डिशवॉशरची पावडर अशा खाण्याच्या डब्यात कधीही भरू नका. दिसायला ती मिठासारखी, खाण्याच्या सोड्यासारखी. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना इंग्रजी लेबल वाचल्याशिवाय डबा उघडायची सवय असते. हा साबण हाताने घासायच्या साबणापेक्षा कितीतरी तीव्र अल्क आहे. तोंड, अन्ननलिका आणि डोळे भाजू शकतात. लहान मुलं घरी येणार असतील तर पॉडचा डबा वरच्या फळीवर हवा, कारण ते रंगीत गोळ्यांसारखे दिसतात. डबीत साबण यंत्र सुरू करायच्या क्षणीच घालावा, आधी भरून दार उघडं ठेवू नये. उलट गफलतही होते. एका स्नेह्यांच्या वडिलांनी मदत म्हणून हाताने घासायचा पातळ साबण यंत्रात घातला आणि फेस स्वयंपाकघर ओलांडून दिवाणखान्यात आला. त्यात निदान कुणाला इजा झाली नाही.

पावडरीच्या वाटून घेतलेल्या डब्यावर आम्ही मराठीत ठळक अक्षरांत 'भांड्यांचा साबण, विषारी' असं लिहिलं आहे आणि खाली विषबाधा मदत केंद्राचा क्रमांक : १-८००-२२२-१२२२. अमेरिकेत कुठूनही, चोवीस तास, फुकट. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याने धुवायचं. तोंडात गेलं तर चूळ भरून हा फोन लावायचा आणि उलटी काढायला लावायची नाही. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर थेट ९११.